जागा राखणारी चित्रे

एस. टी. फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी आपण सर्वांनी पाहिला आहे. संकेतस्थळाची रचना करणाराही असाच रुमाल टाकीत असतो. छायाचित्रे अद्याप हाती यायची असतात, परंतु पान कसे दिसेल हे आधीच ठरवावे लागते. अशा वेळी खऱ्या चित्राच्या जागी जे तात्पुरते चित्र ठेवतात त्यास ‘प्लेसहोल्डर’ म्हणतात. मी त्यास राखणचित्र म्हणेन.

कल्पना जुनीच आहे. सिसरोच्या इ. स. पूर्व ४५ मधील ग्रंथातील वाक्ये मोडूनतोडून झालेला ‘लोरेम इप्सम’ हा निरर्थक मजकूर १९६०च्या दशकात लेट्रासेटच्या अक्षरपत्रांमुळे मुद्रणव्यवसायात रूढ झाला. चित्रांच्या बाबतीत तेच काम आज आंतरजालावरील काही सेवा विनामूल्य करतात. त्यांची रीत सोपी आहे. मागणी पत्त्यातच लिहावयाची. ‘प्लेसहोल्ड डॉट को’ या पत्त्यापुढे ६०० आणि ४०० हे आकडे मध्ये एक्स हे अक्षर घालून लिहिले, की ६०० पिक्सेल रुंद व ४०० उंच असा करडा चौकोन येतो. त्यावर त्याचे मापही छापलेले असते. ‘लोरेम पिक्सम’ ही सेवा चौकोनाऐवजी अनस्प्लॅश या संग्रहातील छायाचित्र देते. ते एरवी बदलत राहते, पण पत्त्यात चित्राचा क्रमांक घातल्यास कायम राहते.

यांपैकी माझा कौल करड्या चौकोनाला आहे. आमच्या विभागात जुन्या वार्षिकांकांचे संकेतस्थळ तयार करण्याचे काम चालू आहे, त्यावरून सांगतो. मुखपृष्ठावरील रुंद पट्टीत निळे सरोवर आणि बर्फाच्छादित शिखरे ठेवून दाखविली, तर कोणतीही समिती ते पान मंजूर करील. मंजुरी मात्र सरोवराला मिळालेली असते! आमच्याजवळ आहेत ते पिवळट पडलेले समूहफोटो: खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे दोन रांगा विद्यार्थ्यांच्या, आणि सर्वांत वरच्या रांगेच्या कडेला शिपाईमामा. १२०० रुंद व ९०० उंच असा फोटो १२०० बाय ४००च्या पट्टीत मध्यावरून बसविला, की वरचे २५० आणि खालचे २५० पिक्सेल छाटले जातात. त्यात मामांचे डोके जाते. त्यांचा दुसरा फोटो विभागात नाही.

म्हणून मी प्रथम उपलब्ध फोटोंची मापे घेतली आणि त्याच प्रमाणाचे चौकोन पानात मांडले. पान दिसायला ओबडधोबड झाले, पण पट्टीची उंची वाढवावी लागणार हे पहिल्याच बैठकीत सर्वांच्या लक्षात आले.

मापाचा उपयोग पुढेही राहतो. चित्राच्या टॅगमध्ये रुंदी व उंची लिहिली असल्यास चित्र येण्यापूर्वीच ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. नाही तर वाचता वाचता मजकूर एकदम खाली सरकतो. गुगलने या सरकण्याचे मोजमापच ठरविले आहे, ते ०.१ किंवा त्याहून कमी असावे असा निकष आहे.

परक्याच्या सेवेवर किती विसंबावे, हाही प्रश्न आहेच. प्लेसआयएमजी ही सेवा २०२३ मध्ये बंद झाली, अनस्प्लॅशची ‘सोर्स’ ही सोय २०२४ मध्ये. शिवाय असे प्रत्येक चित्र मागविताना पाहणाऱ्याच्या संगणकाची मागणी त्या परक्या सर्व्हरकडे जाते. एसव्हीजी प्रकारातला साधा चौकोन चार-पाच ओळींत स्वतःच लिहिता येतो, आणि प्रयोगशाळेतील इंटरनेट गेले (ते जातेच) तरी तो जागेवर राहतो.

काही अंकांची छायाचित्रे अजून मिळालेली नाहीत. तेथे चौकोन तसाच ठेवून त्यात अंकाचे वर्ष व ‘छायाचित्र उपलब्ध नाही’ एवढेच लिहिले आहे. १९७१-७२चा अंक कोणाच्या घरी असल्यास तो दोन दिवसांपुरता विभागात आणून द्यावा. स्कॅन करून लगेच परत करू.