खानदेशचा उन्हाळा आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

प्रश्न : मेहरूण येथील वाचकाच्या आईला हळूहळू वाढणारा मल्टिपल स्क्लेरोसिस असून उन्हाळ्यात पाय अधिकच जड होतात, व्यायाम थांबवावा काय?

उत्तर : थांबवू नये. या विकारात मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिन हे स्निग्ध आवरण झिजते आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अशा तंतूंतील संदेशवहन मंदावते. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहोफ यांनी नोंदवलेला हा परिणाम शरीर निवल्यावर ओसरतो, म्हणून ती रोगाची वाढ नव्हे. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने मेहरूण तलावाकाठचे फिरणे पहाटेच, मानेवर ओला पंचा ठेवून, मध्ये बसत व्हावे. मात्र जडपणा दिवसभर टिकल्यास, अथवा सोबत ताप किंवा लघवीची जळजळ असल्यास, मेंदूविकारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा विकार समाविष्ट आहे, हे कुटुंबाने अवश्य लक्षात घ्यावे.