पळस भडक का होतो?

प्रश्न : वसंतातलं जंगल जलरंगात रंगवते, पण चित्र भडक होतं. बघणारा क्षणभरही थांबत नाही. काय चुकतं?
– एक वाचक, आष्टा

उत्तर : ताई, पळस म्हटलं की आधी केशरीच उचलता ना? फूल हातात घेऊन बघा. पाकळ्या केशरी, पण देठाकडचा पेला काळपट, मखमली. तो काळपटपणा चित्रात आला की केशरी आपोआप निवतो. कोशिंबाची कोवळी पानंही तांबडी असतात. हिरव्या ट्यूबची घाई नको. सागरेश्वर अभयारण्यात सकाळी जा, अर्धा तास नुसत्या बसा. (ब्रश पिशवीतच!) मग कागदाचा बराच भाग कोरा सोडा, बघणाऱ्याला टेकायला तीच जागा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याकडे पुन्हा पुन्हा वळले. तुम्ही एकच पळस धरा, फाल्गुनात आणि परत चैत्रात.