ट्यूब अडीचशेची, हिशेब तीन महिन्यांचा

डिसेंबर लागला की परभणीचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तापमान एक आकडी झालं की मराठवाड्यात सगळ्यात जास्त थंडी कुठे, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच दिवसांत मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "भाऊ, पिंपलची ट्यूब लावली अन् तोंड उललं, काहीतरी द्या."

हे "काहीतरी" सगळ्यात महाग पडतं. मुरुमांच्या मलमाने चेहरा कोरडा पडणं, नाकाच्या कडेला कोंड्यासारखी कातडी निघणं, पाणी लागलं की चुरचुरणं, हे बहुतेकदा औषधाच्या कामाचाच भाग असतं. त्यावरचा पहिला उपाय फुकट आहे आणि दुसरा स्वस्त. तिसरी वस्तू विकत घेण्याआधी हे दोन करून पाहिले, तर पैसेही वाचतात आणि चेहराही.

कातडी का निघते?

मुरुमांवर लावायला डॉक्टर बहुतेकदा दोन प्रकारची औषधं देतात. एक अडापलीन किंवा ट्रेटिनॉइन, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत मुरुमांसाठी मान्यता मिळाली ती 1971 मध्ये. हे औषध त्वचेच्या पेशींची उलाढाल वाढवतं आणि छिद्रं तुंबू देत नाही. जुनी कातडी लवकर सुटते, नवी अजून कोवळी असते, आणि त्या मधल्या काळात त्वचेतलं पाणी उडून जातं. दुसरं बेंझॉइल पेरॉक्साइड. ते मुरुमांतले जंतू मारतं, पण त्वचा कोरडी करतं.

त्रास सर्वांत जास्त होतो तो पहिल्या दोन ते चार आठवड्यांत. नंतर त्वचेला सवय होते. मुरुमं कमी होताना दिसायला मात्र आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. याच फटीत लोक औषध सोडतात किंवा भलतंच काही लावतात.

परभणीत या त्रासाला आणखी तीन गोष्टी हातभार लावतात. हिवाळ्याची कोरडी हवा आणि कढत पाण्याची आंघोळ. बऱ्याच गावांतलं बोअरचं जड पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि त्याचा थर चेहऱ्यावर राहून जातो. आणि बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जाणारा उन्हाळा, कारण या औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते.

आधी फुकटचे उपाय

एक : मात्रा मोजा. सबंध चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढं मलम पुरतं. ते फक्त मुरुमावर ठिपक्यासारखं नाही, तर चेहऱ्यावर पातळ पसरून लावायचं. जास्त लावल्याने मुरुमं लवकर जात नाहीत, कातडी मात्र लवकर निघते.

दोन : दिवस कमी करा. आग होत असेल तर रोजऐवजी एक रात्र आड लावा, तरीही झेपलं नाही तर दोन रात्री आड. डॉक्टरांना फोनवर विचारून हे करता येतं. बरेच डॉक्टर सुरुवातच अशी करायला सांगतात.

तीन : ओल्या चेहऱ्यावर लावू नका. तोंड धुतल्यावर वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जास्त चुरचुरतं.

चार : डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांची खाच आणि ओठांचे कोपरे सोडा. उलण्याची सुरुवात तिथूनच होते. मलम लावण्याआधी या जागांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला तरी त्या वाचतात.

पाच : पाणी कोमट घ्या आणि दिवसातून दोनदाच तोंड धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या.

सहा : घरातले प्रयोग थांबवा. लिंबू, टूथपेस्ट, मुलतानी माती, बेसनाचं उटणं, स्क्रब आणि दाढीनंतरची तुरटी, यातलं काहीही सोलवटलेल्या कातडीला मानवत नाही. हे औषध चालू असताना वरच्या ओठाचं थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलं तर केसांबरोबर कातडीही निघू शकते. घरात लग्न असेल आणि हळद लागायची असेल, तर मलम किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

विकत काय घ्यायचं?

खालचे आकडे ढोबळ आहेत. कंपनी, पॅक आणि दुकान यांप्रमाणे ते बदलतील. पण खर्चाचा अंदाज बांधायला पुरेसे आहेत.

- अडापलीन 0.1 टक्के जेल, 15 ग्रॅम : 150 ते 350 रुपये
- बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के, 20 ते 30 ग्रॅम : 100 ते 200 रुपये
- साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, 100 ग्रॅम : 150 ते 300 रुपये
- सेरामाइड असलेलं मॉइश्चरायझर, 100 ग्रॅम : 300 ते 600 रुपये
- व्हॅसलीनची छोटी डबी : 40 ते 70 रुपये
- साबणविरहित सौम्य क्लेन्झर, 100 ते 125 मिली : 200 ते 400 रुपये
- सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, 50 ग्रॅम : 250 ते 600 रुपये
- खासगी त्वचारोगतज्ज्ञांची तपासणी : 300 ते 600 रुपये

यात मॉइश्चरायझर ऐच्छिक नाही. ते औषधाचाच अर्धा भाग समजा. डबीवर ग्लिसरीन, पॅराफिन, सेरामाइड यांपैकी काही आहे का, आणि "नॉन-कॉमेडोजेनिक", म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलंय का, एवढं पाहा. सुगंध आणि गोरेपणाचा दावा असेल तर ठेवून द्या. खोबरेल तेल स्वस्त आहे, घरात आहे, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवू शकतं. ते हातापायांना वापरा.

लावायची पद्धतही सोपी आहे. आधी मॉइश्चरायझर, थोडं थांबून मलम, हवं तर पुन्हा मॉइश्चरायझर. औषध असं मधोमध ठेवलं की त्रास बराच कमी होतो.

बेंझॉइल पेरॉक्साइडचा एक छुपा खर्च आधीच सांगून ठेवतो : ते कापडाचा रंग उडवतं. काळी ओढणी, रंगीत टॉवेल, उशीचा नवा अभ्रा यांवर पांढरट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. या दिवसांत पांढरा टॉवेल आणि जुना अभ्रा वापरा. हे औषध आणि ट्रेटिनॉइन दोन्ही दिली असतील तर एकाच वेळी एकावर एक लावू नका, कारण पहिलं दुसऱ्याला निकामी करू शकतं. एक सकाळी आणि एक रात्री अशी वाटणी डॉक्टरांकडून करून घ्या.

तीन महिन्यांचा हिशेब

वाटाण्याएवढं मलम म्हणजे साधारण 0.3 ग्रॅम. पहिला महिना एक रात्र आड, पुढचे दोन महिने रोज रात्री, असं धरलं तर साडेबावीस ग्रॅम लागतं, म्हणजे 15 ग्रॅमच्या दोन ट्यूब. मॉइश्चरायझर दिवसाला दोनदा मिळून दोन ग्रॅम, म्हणजे तीन महिन्यांत 100 ग्रॅमच्या दोन बाटल्या.

दोन ट्यूबचे 500, मॉइश्चरायझरचे 400, व्हॅसलीनचे 50, क्लेन्झरच्या दोन बाटल्यांचे 500, सनस्क्रीनच्या दोन ट्यूबचे 600, डॉक्टरांकडे दोन फेऱ्यांचे 800. एकूण 2,850 रुपये, महिन्याला 950. यात मलमाचा वाटा पाचातला एकही नाही. म्हणून "ट्यूब अडीचशेची आहे" असं म्हणून सुरुवात करणाऱ्याचं बजेट दुसऱ्या आठवड्यात, चेहरा उलल्यावर, कोलमडतं.

हात आखडता असेल तर कात्री कुठे लावायची? क्लेन्झरऐवजी सौम्य साबण चालेल, तोही फक्त रात्री. सकाळी नुसतं पाणी पुरे. सनस्क्रीनऐवजी पूर्ण चेहरा झाकणारा सुती रुमाल किंवा स्कार्फ आणि टोपी. कापूस वेचायला जाणाऱ्या मुलींना याची सवय असतेच. दवाखाना सरकारी. असं केलं तर दोन ट्यूब, मॉइश्चरायझर, व्हॅसलीन आणि साबणाचे दीडशे मिळून तीन महिने 1,100 रुपयांत निघतात. मॉइश्चरायझरवर मात्र कात्री लावू नका.

दाखवायचं कुठे?

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय ही पहिली पायरी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी आणि उपलब्ध औषधं मोफत आहेत. परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 मध्ये सुरू झालं. त्याच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी कोणत्या वारी असते, हे विचारूनच निघा. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणी चाळीसेक किलोमीटर आहे आणि चुकलेल्या वाराची फेरी म्हणजे बसभाड्याबरोबर एक रोजही बुडतो. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेवढा भार हलका. नुसतं "कोरडं पडलंय, थांबवू का?" एवढंच विचारायचं असेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा मोबाइलवर फुकट आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे मुरुमांच्या मलमासाठी तिच्यावर विसंबू नका.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि टक्केवारी लिहून घ्या. त्याच नावाचं औषध जनऔषधी केंद्रात आहे का आणि कितीला, हे 'जनऔषधी सुगम' ॲपवर दिसतं. 'फार्मा सही दाम'वर इतर कंपन्यांचे भाव ताडून पाहता येतात. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, तेव्हा जुन्या स्टॉकवरची छापील किंमत मुकाट्याने देण्याआधी बिल मागा. एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ती तिसरी ट्यूब

आता त्या "काहीतरी द्या"कडे. कोरड्या, लाल चेहऱ्यावर काउंटरवरून बऱ्याचदा स्टिरॉइड असलेलं मलम हातात पडतं. दोन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळतो आणि औषधाचं कौतुक होतं. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, नव्याने मुरुमं उठतात आणि मलम बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध अनेक वर्षं बोलते आहे. 2018 मध्ये केंद्राने 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं आणि डॉक्टरांनी ते लिहिलेलं नसेल, तर ट्यूब परत करा. अशा बिघडलेल्या चेहऱ्याचा उपचार महिनोन्महिने चालतो. तेव्हा वरचा हिशेब किरकोळ वाटू लागतो.

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आपल्याकडे हसत सांगतात. प्रयोग फसला तरी परभणी आहेच, असा तिचा दिलासा. चेहऱ्याच्या प्रयोगाला असा दुसरा मुक्काम नाही. सावळ्या, गव्हाळ कातडीला जिथे आग झाली तिथे काळा डाग राहतो आणि तो मुरुमापेक्षा जास्त दिवस टिकतो.

थांबायचं कधी?

पापण्या किंवा ओठ सुजले, फोड आले, पाणी सुटलं, मलम लावल्यावर तासाभरानंतरही आग शमली नाही किंवा खाज असह्य झाली, तर मलम बंद करा, चेहरा धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही ॲलर्जी असू शकते. श्वास लागत असेल तर थेट तातडीच्या विभागात जा. गर्भवती असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर अडापलीन-ट्रेटिनॉइन लावण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

बाकी वेळी मेडिकलवर जाताना "काहीतरी द्या" म्हणू नका. मोबाइलमध्ये एवढंच लिहून ठेवा आणि तेच दाखवा : "अमुक मलम, अमुक टक्के, अमुक तारखेपासून चालू. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर हवं. स्टिरॉइड नको. बिल द्या."