टी.सी.बी.एस. : युद्धकाळातील एक मित्रमंडळ

मागील महिन्यात माजी विद्यार्थी मेळाव्याच्या खटपटीत असलेले आपल्या महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी माझ्या घरी आले होते. आमच्या वेळच्या मंडळींचे जुने पत्ते मजजवळ असतील असे त्यांना कोणी सांगितले होते. चहा घेता घेता त्यांतील एकाने विचारले, "सर, घरोघरी फोन नव्हते, तेव्हा तुम्ही सगळे एकमेकांना धरून कसे राहिलात?" मी म्हणालो, "राहिलो कुठे? निसटलोच." मुले हसली. मला मात्र ते उत्तर पुढे बरेच दिवस टोचत राहिले. इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला मी एका मित्रमंडळाची हकीकत पाच-दहा मिनिटांत उरकून टाकीत असे. ती आज जरा सावकाशीने सांगावी असे वाटते.

जे. आर. आर. टोल्किन हे नाव आताच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांपेक्षा चित्रपटांमुळे अधिक परिचयाचे आहे. त्याच्या शालेय जीवनातील ही गोष्ट. बर्मिंगहॅम शहरातील किंग एडवर्ड्स स्कूल या शाळेत १९११ च्या उन्हाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, काही वरच्या वर्गांतील मुले ग्रंथालयात चोरून चहा करू लागली. खाद्यपदार्थ आत आणण्यास अर्थातच मनाई होती. एकदा कोणीतरी माशांचा डबा आणला, तो संपेना, म्हणून पुस्तकांच्या वर ठेवून दिला आणि सगळे विसरले. पुढे वासानेच त्याचा पत्ता लागला! सुटीच्या काळात हे मंडळ गावातील बॅरोज स्टोअर्स नावाच्या दुकानातील चहाघरात जमू लागले, आणि दोन्ही नावे जोडून त्याचे नाव पडले 'टी क्लब अँड बॅरोव्हियन सोसायटी', म्हणजे टी.सी.बी.एस. मंडळात येणारे-जाणारे पुष्कळ होते. त्यांतला व्हिन्सेंट ट्रॉट हा मुलगा १९१२ च्या जानेवारीत वारला. मागे राहिलेल्यांत या मंडळाकडे गंभीरपणे पाहणारे चौघेच होते: टोल्किन, गणित आणि संगीत दोन्हींत रमणारा ख्रिस्तोफर वाइजमन, मुख्याध्यापकांचा मुलगा आणि चित्रे काढण्याचा नाद असलेला रॉबर्ट गिल्सन, व कवी जी. बी. स्मिथ.

शाळा संपल्यावर व्हायचे तेच झाले. टोल्किन ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात गेला, मागाहून स्मिथ त्याच विद्यापीठाच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजात आला. वाइजमन व गिल्सन केंब्रिजला गेले. गावे दोन, अभ्यास निराळे, ओळखी नव्या. मंडळात तोवर थट्टामस्करी करणाऱ्यांचीच गर्दी झाली होती. महायुद्ध झाले नसते तर हे मित्रमंडळही इतर शंभर मित्रमंडळांप्रमाणे नाताळच्या शुभेच्छांपुरते उरले असते, असे माझे स्वतःचे मत आहे.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले. ऑक्टोबरात विद्यापीठे उघडली ती निम्मी-अर्धी रिकामीच. ऑक्सफर्डच्या परीक्षा-भवनाचे लष्करी रुग्णालय झाले. टोल्किनने लष्करी कवायत करीत करीत पदवी पूर्ण करण्याचे ठरवले. गिल्सन नोव्हेंबरात सैन्यात दाखल झाला आणि स्मिथही त्याच वाटेवर होता. अशा वेळी वाइजमन व टोल्किन यांची पत्रापत्री झाली. आपल्यात अंतर पडत चालले आहे, हे दोघांनीही कागदावर मान्य केले. त्यावर उपाय म्हणून पत्रे वाढवण्यापेक्षा एकदा समोरासमोर बसावे असे ठरले. तारीख ठरली : १२ व १३ डिसेंबर १९१४, शनिवार-रविवार. स्थळ : लंडनमध्ये वँड्सवर्थ भागातील वाइजमनच्या आईवडिलांचे घर. बोलावणे फक्त चौघांना. टवाळांना या वेळी वगळले होते.

या भेटीला ते मोठ्या थाटात 'लंडनचे कौन्सिल' म्हणत. तेथे घडले काय? बाहेरून पाहणाऱ्याला काहीच नाही. वरच्या मजल्यावरील लहानशा खोलीत, गॅसच्या शेगडीभोवती, चार तरुण पाइप ओढीत दोन दिवस बोलत बसले. परंतु आपल्याला आयुष्यात काय करायचे आहे, हे आपल्याला त्या खोलीत प्रथम उमगले, असे टोल्किनने पुढे दीड-दोन वर्षांनी रणभूमीवरून स्मिथला लिहिले. त्या भेटीनंतर तो झपाट्याने कविता लिहू लागला. त्या कविता नकलून मित्रांकडे जात, एकाकडून दुसऱ्याकडे फिरत, आणि शेरे घेऊन परत येत. शेरे नेहमी गोड नसत. वाइजमनची टीका रोखठोक असे. आजच्या साहित्य-मंडळांनी या फिरत्या वहीचा विचार करण्यासारखा आहे. पण ते असो.

पुढची भेट ठरली ती लिचफील्ड गावी, २५ सप्टेंबर १९१५ रोजी. टोल्किन तोवर पहिल्या वर्गात पदवी घेऊन लष्करात शिरला होता व त्या परिसरातच त्याचे शिक्षण चालू होते. म्हणून मंडळी त्याच्या गावी आली. सर्वांची रजा एकाच वेळी जुळून येणे किती कठीण, हे ज्यांच्या घरी कोणी सैन्यात आहे त्यांना सांगावयास नको. आमच्या बेळगावात तर १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्रच आहे. रजेचे गणित येथे गल्लोगल्ली ठाऊक असते. त्याच दिवशी पलीकडे फ्रान्समध्ये लूसची लढाई सुरू झाली होती. जॉर्ज हॉटेलात चौघे भेटले. चौघे एकत्र भेटले ते तेवढेच, पुन्हा नाही.

१९१६ साल उजाडले तेव्हा चौघे चार ठिकाणी होते. स्मिथ आणि गिल्सन फ्रान्समधील खंदकांत, वेगवेगळ्या पलटणींत. वाइजमन आरमारात, 'सुपर्ब' या युद्धनौकेवर. टोल्किन इंग्लंडातील छावणीत, आणि जूनपासून तोही फ्रान्समध्ये. त्यांना जोडणारी एकच वस्तू होती, लष्करी टपाल. पत्त्यात गावाचे नाव नाही. केवळ नाव, हुद्दा आणि पलटण. आपण कोठे आहोत हे लिहिण्यास बंदी. सामान्य शिपायाची पत्रे त्याचा अधिकारी वाचून पुढे पाठवी. घाईच्या वेळी छापील कार्ड मिळे. 'मी खुशाल आहे', 'मी इस्पितळात आहे', 'तुमचे पत्र मिळाले' अशा अर्थाची वाक्ये त्यावर असत, नको असतील ती खोडावयाची. सही आणि तारीख यांपलीकडे एखादा शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट होई.

येथे मला माझी गोष्ट सांगितल्याविना राहवत नाही. आमची तुकडी १९७० साली बी.ए. होऊन बाहेर पडली. दुसऱ्या वर्षी नाताळच्या सुटीत, २६ डिसेंबर १९७१ रोजी, सर्वांनी बेळगावात जमावयाचे ठरले होते. चौदा अंतर्देशीय पत्रे मीच लिहिली होती. आमच्यातला एक जण लेफ्टनंट होऊन पूर्वेकडे गेला होता. त्याचाही पत्ता असाच बिनगावाचा : पलटणीचे नाव आणि 'द्वारा ९९ ए.पी.ओ.' ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले. ५ तारखेला मी पुन्हा चौदा पत्रे टाकली : भेट रद्द. तीन-चार दिवसांनी त्याचे नोव्हेंबरात लिहिलेले पत्र हाती पडले. त्यात इतर थट्टा झाल्यावर शेवटी एक ओळ होती : गडबड झालीच तर तारीख पुढे ढकला, रद्द मात्र करू नका. १६ डिसेंबरला युद्ध संपले. २६ तारीख मोकळीच होती. मी घरी बसून होतो. नवी तारीख कोणी काढली नाही, मीही नाही. आम्ही जमलो ते १९९६ साली, चौदांपैकी नऊ जण. तो युद्धातून सुखरूप परतला होता, पुढे भोपाळकडे नोकरीला लागला आणि १९८९ मध्ये हृदयविकाराने गेला. आमची दोघांची भेट राहिली ती राहिलीच.

असो. पुन्हा १९१६ कडे वळू. फेब्रुवारीत एका रात्री शत्रूच्या हद्दीत गस्तीवर जाण्यापूर्वी स्मिथने टोल्किनला पत्र लिहिले. आपण मेलो तरी मंडळातील कोणीतरी उरेल आणि जे आपण सर्वांनी मनात योजले ते तो बोलून दाखवील, एवढाच दिलासा आपल्याला आहे, असा त्याचा आशय होता. कविता छापून काढ, असा त्याचा टोल्किनमागे सतत लकडा असे. टोल्किनने एका प्रकाशकाकडे संग्रह पाठवलाही होता. तो मार्चअखेर साभार परत आला.

१ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७ हजार लोक जायबंदी वा ठार झाले. त्यांपैकी १९,२४० मृत. ला बुआसेल गावाजवळ आपल्या तुकडीला पुढे नेताना गिल्सन पडला. पुढच्याच आठवड्यात टोल्किन व स्मिथ बूझँकूर गावी भेटले, तासन् तास बोलले, कवितांवरही बोलले. गिल्सन जाऊन जवळजवळ आठवडा झाला होता आणि तो तेथून काही मैलांवरच पडला होता. दोघांनाही वार्ता नव्हती. स्मिथला ती कळली वर्तमानपत्रातून, आणखी आठवड्याभराने. मी हा भाग वर्गात सांगत असे तेव्हा मुले नेहमी विचारीत, "इतक्या जवळ असून कसे कळले नाही?" खंदकांत शेजारच्या पलटणीची खबर लंडनहून येत असे, हे त्याचे उत्तर.

यानंतरचा पत्रव्यवहार माझ्या मते या साऱ्या हकीकतीचा गाभा आहे. ऑगस्टात टोल्किनने स्मिथला लिहिले की, काहीतरी तडकले आहे. आपण चौघे मिळून जे काही होतो ते आता संपले, एकेकट्याने काही करता आले तर करावे. स्मिथला हे मुळीच पटले नाही. मंडळ संपलेले नाही आणि संपणार नाही, असे त्याने ठणकावून कळवले. वाइजमनही त्याच्याच बाजूने होता. दोन बाजू नीट पाहा. टोल्किनच्या दृष्टीने मंडळ म्हणजे चार माणसे. एक गेला की आकडा मोडला. स्मिथच्या दृष्टीने मंडळ म्हणजे चौघांनी मिळून योजलेले काम. माणसे गेली तरी ते उरतेच. तरुणपणी मला टोल्किन खरा वाटे. आता स्मिथ वाटतो.

ऑगस्टातच दोघांची शेवटची भेट झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस टोल्किनला खंदकातला ताप आला. हा ताप उवांमुळे पसरत असे. त्याला बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात पाठवण्यात आले. २९ नोव्हेंबरला स्मिथ आघाडीच्या मागील एका गावात आपल्या शिपायांसाठी फुटबॉलचा सामना ठरवीत असता तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. जखम बारीक वाटली. काळजी करू नये असे त्याने आईला कळवलेही. जखम चिघळली आणि ३ डिसेंबरला तो गेला. ही बातमी वाइजमनने टोल्किनला पत्राने कळवली.

स्मिथच्या आईचे दुःख एवढ्यावर थांबले नाही. तिचा दुसरा मुलगा १९१७ च्या जानेवारीत मेसोपोटेमियात पडला. मेसोपोटेमिया म्हटले की आपल्याकडील माणसाला कुतचा वेढा आठवतो. पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणी तेथे अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. त्या जवानांचेही गावाकडे सवंगडी असतील, पुन्हा भेटण्याचे वायदे असतील. त्यांतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. इंग्लंडातील चौघांची हकीकत आपणांस कळते ती ते थोर होते म्हणून नव्हे, त्यांना लिहिता येत होते आणि घरच्यांनी पत्रे जपून ठेवली म्हणून.

१९१७ च्या जानेवारीत वाइजमनने टोल्किनला लिहिले की, आता ते महाकाव्य हाती घे. टोल्किन आजारातून उठत होता, आणि त्याच सुमारास त्याने आपल्या पहिल्या दीर्घ कथा लिहावयास आरंभ केला. स्मिथच्या आईची इच्छा होती की मुलाच्या कविता छापल्या जाव्यात. दोघा उरलेल्या मित्रांनी त्या गोळा केल्या, आणि १९१८ च्या उन्हाळ्यात 'अ स्प्रिंग हार्वेस्ट' या नावाने पुस्तक निघाले. छोटीशी प्रस्तावना टोल्किनची. पुढे वाइजमन टॉन्टन गावच्या क्वीन्स कॉलेज या शाळेचा मुख्याध्यापक झाला. दोघांच्या भेटी विरळ होत गेल्या, तरी १९२४ साली टोल्किनला तिसरा मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव ख्रिस्तोफर ठेवण्यात आले.

मेळाव्याच्या चिटणीसांना कळवावयाचे ते येथेच कळवतो. आमच्या तुकडीची यादी मी काढून ठेवली आहे. चौदांपैकी सहा पत्ते आज चालू आहेत, दोघांची मुले पुण्यात असतात, त्यांचे दूरध्वनी क्रमांक मिळाले आहेत. रविवारी सकाळी दहानंतर येऊन घेऊन जावी, आणि येताना तारीख ठरवून यावे.