दोन विजय, आठ पराभव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वेस्ट व्हर्जिनिया नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. त्याच्या पश्चिम सीमेवरून ओहायो नदी वाहते आणि तिच्या काठी हंटिंग्टन हे शहर वसले आहे. मार्शल विद्यापीठ याच शहरात आहे. १९७० साली शहराची वस्ती सुमारे पाऊण लाख होती. शरद ऋतूतील शनिवार उजाडला, की शहरातील आबालवृद्धांना एकच ध्यास लागे. तो म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सामना!

मुलांनो, येथे ‘फुटबॉल’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहील, तो हा नव्हे. अमेरिकेतील फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो पायापेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल, त्या संघाने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. तेवढे साधले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न साधले, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. अशा रीतीने पुढे सरकत चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे नेला, की ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. या आक्रमणाचे सूत्र ज्याच्या हाती असते, त्या खेळाडूस ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. प्रतिपक्षाचे खेळाडू त्याला आडवे पाडण्यासाठी धावून येतात. त्यामुळे या खेळात अंगबळ लागते, चपळाई लागते आणि त्याहून अधिक लागतो तो एकमेकांवरचा विश्वास.

मार्शलचा संघ काही फार नामांकित नव्हता. जिंकण्यापेक्षा हरण्याचेच प्रसंग त्याच्यावर अधिक येत. १४ नोव्हेंबर १९७० रोजी, शनिवारी, हा संघ नॉर्थ कॅरोलायना राज्यात ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाशी खेळला आणि १७-१४ असा अवघ्या तीन गुणांनी हरला. त्याच संध्याकाळी खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांच्याबरोबर गेलेले नगरवासी विमानाने परत निघाले. हंटिंग्टनजवळ पाऊस पडत होता आणि धुके दाटले होते. विमान धावपट्टी गाठण्यापूर्वीच फार खाली आले, टेकडीवरील झाडांना आदळले आणि कोसळले. विमानात एकंदर ७५ माणसे होती. त्यांतील एकही वाचले नाही. त्यांत ३७ खेळाडू होते. मुख्य प्रशिक्षक रिक टॉली होते. आपल्या मुलांचा खेळ पाहावा म्हणून हौसेने गेलेले शहरातील डॉक्टर आणि व्यापारीही होते. त्या एका रात्रीत सत्तर मुलांनी आई किंवा वडील गमावले. त्यांपैकी अठरा मुलांना तर दोघांचेही छत्र उरले नाही. सहा खेळाडूंची ओळख पटू शकली नाही. त्यांना शहरातील स्प्रिंग हिल दफनभूमीत एकमेकांशेजारी चिरविश्रांती देण्यात आली.

अशा प्रसंगी खेळाचा विचार कोणास सुचणार? फुटबॉल कायमचा बंद करावा, असा विचार विद्यापीठात होऊ लागला. तो अयोग्य होता, असे कोणीही म्हणू शकणार नाही. जेथे घरोघरी अश्रू वाहत होते, तेथे मैदानावर पुन्हा टाळ्या वाजाव्यात, हे अनेकांच्या मनाला रुचणे शक्यच नव्हते. परंतु दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने त्या प्रवासाला न गेलेले मोजके खेळाडू मागे राहिले होते. नेट रफिन हा त्यांतील एक होय. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी संघ पुन्हा उभा करण्याचा आग्रह धरला. आपले मित्र ज्या कामात गुंतले होते, ते काम अर्ध्यावर सोडणे त्यांना पटेना. अखेर विद्यापीठाने खेळ चालू ठेवण्याचे ठरविले.

पण संघ आणायचा कोठून आणि त्याला शिकवायचे कोणी? एका प्रशिक्षकाने हे पद स्वीकारले आणि अवघ्या काही दिवसांत सोडलेही. तेव्हा १९७१ च्या मार्च महिन्यात जॅक लेंगेल नावाचे प्रशिक्षक हंटिंग्टनला आले. ते ओहायो राज्यातील वूस्टर या लहानशा महाविद्यालयात शिकवीत होते. मार्शलमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हते. पूर्वीच्या प्रशिक्षकांपैकी रेड डॉसन हे त्या दिवशी विमानात नव्हते, म्हणून वाचले होते. ज्या मुलांना त्यांनी स्वतः शोधून संघात आणले होते, ती आता राहिली नव्हती. मनावर एवढा भार असतानाही त्यांनी आणखी एक वर्ष थांबून नव्या प्रशिक्षकांना साहाय्य केले.

लेंगेल यांच्यापुढील अडचणी एकाहून एक बिकट होत्या. त्या काळच्या नियमाप्रमाणे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मार्शलला विशेष अनुमती दिली, तेव्हा कोठे संख्या जमू लागली. दुसऱ्या वर्षातील मुले, नुकतीच शाळा सोडून आलेली मुले, अन्य खेळांतील विद्यार्थी, स्वेच्छेने पुढे आलेले हौशी तरुण, असा तो मेळा होता. लोक त्यांना कौतुकाने ‘यंग थंडरिंग हर्ड’ म्हणू लागले. ‘थंडरिंग हर्ड’ म्हणजे मेघासारखा गडगडाट करीत धावणारा कळप. हे संघाचे जुने नाव होते. त्याला ‘यंग’ म्हणजे ‘कोवळा’ हे विशेषण नव्याने लागले.

या कोवळ्या मुलांना चार-चार वर्षे कसलेल्या धिप्पाड खेळाडूंशी सामना द्यायचा होता. अंगबळात ती टिकणार नाहीत, हे लेंगेल यांनी ओळखले. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तसाच मार्ग त्यांनी शोधला. ‘वीअर’ नावाची आक्रमणाची एक पद्धत त्या काळी प्रचारात येत होती. तीत क्वार्टरबॅक चेंडू घेऊन निघतो आणि समोरचा रक्षक काय करतो, ते पाहून त्याच क्षणी ठरवितो, की चेंडू जवळच्या सोबत्याच्या हाती द्यावा, स्वतःच घेऊन पळावे, की बाजूने धावणाऱ्या दुसऱ्या सोबत्याकडे टाकावा. रक्षकाला बळाने आडवे करण्याची येथे आवश्यकता नसते. त्याला क्षणभर संभ्रमात पाडले, की पुरे. ही पद्धत शिकण्यासाठी लेंगेल आणि त्यांचे सहकारी त्याच राज्यातील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेले. तेथील प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी आपल्या संघाच्या चित्रफिती त्यांच्यापुढे मोकळ्या केल्या. क्रीडाक्षेत्रात आपल्या डावपेचांची गुपिते कोणी सहसा उघड करीत नाही. परंतु शेजाऱ्याच्या घरी दुःख असताना आपल्या कोठाराला कुलूप लावून बसणे, हे बाउडन यांच्यासारख्या उदार माणसाला कसे शोभणार?

१८ सप्टेंबर १९७१ रोजी नव्या संघाचा पहिला सामना झाला. मोअरहेड स्टेट या संघाने मार्शलला २९-६ असे हरविले. याचे कोणास आश्चर्य वाटले नाही. पुढच्या शनिवारी, २५ सप्टेंबरला, मार्शलच्या मुलांना अपघातानंतर प्रथमच आपल्या शहरात, फेअरफील्डच्या मैदानावर खेळायचे होते. प्रतिपक्ष होता झेविअर विद्यापीठाचा. पूर्वी ज्या बाकांवर बसून लोकांनी आपल्या मुलांचा जयघोष केला होता, त्याच बाकांवर ते आज पुन्हा येऊन बसले. कित्येकांच्या शेजारची जागा मात्र रिकामी होती.

सामना विलक्षण चुरशीचा झाला. शेवटचे क्षण उरले, तेव्हा झेविअरकडे १३ गुण होते आणि मार्शलकडे ९. अंतिम रेषा तेरा यार्डांवर होती आणि प्रयत्न एकच उरला होता. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर याने चेंडू घेतला. प्रतिपक्षाचे खेळाडू त्याच्यावर धावून आले. त्यांना अंगावर येऊ देऊन त्याने चेंडू बाजूला टेरी गार्डनर या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याकडे फेकला. सोबत्यांनी वाट मोकळी केली, गार्डनर धावला आणि रेषेपलीकडे पोहोचला. वेळ संपली होती. मार्शल १५, झेविअर १३! प्रेक्षक मैदानात धावले. कोणी हसत होते, कोणी रडत होते. आणि पुष्कळसे लोक ही दोन्ही कामे एकाच वेळी करीत होते. सामना संपून बराच वेळ लोटला, तरी त्यांचा पाय मैदानातून निघेना.

ही कथा सांगणारे अनेकदा येथेच थांबतात. २००६ साली या घटनांवर एक चित्रपट निघाला, त्यातही या विजयाला मोठे स्थान आहे. आपण मात्र आणखी एक शनिवार पुढे जाऊ. कारण शनिवार एकामागून एक येतच असतात.

त्या विजयानंतरच्या पुढच्याच सामन्यात ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठाने मार्शलला ६६-६ असे धुळीस मिळविले. झेविअरवरील विजयाने मुले एका दिवसात बलवान झाली नव्हती. ती आधी होती तेवढीच नवखी होती. पुढे पराभवामागून पराभव येत राहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी बोलिंग ग्रीन या संघाला १२-१० असे हरविले. पण त्यानंतर टोलीडो संघाने ४३-० असा त्यांचा फडशा पाडला. टोलीडोचा संघ त्या काळी सलग तीन वर्षे अजिंक्य होता. हंगाम संपला तेव्हा हिशेब असा झाला : सामने दहा, विजय दोन, पराभव आठ.

मुलांनो, कोणत्याही शाळेच्या फलकावर असा हिशेब लिहिला, तर आपण मान खाली घालू. मग हंटिंग्टनच्या लोकांनी या संघाचा अभिमान का बाळगला? याचे उत्तर गुणांच्या तक्त्यात सापडत नाही. ६६ गुणांचा मार खाल्ल्यावरही ही मुले पुन्हा सरावाला उतरली. आपण बहुधा हरणार, हे ठाऊक असूनही प्रत्येक शनिवारी ती पुरत्या तयारीने मैदानावर गेली. जिंकण्याची आशा असताना परिश्रम करणे कोणालाही जमते. आशा अंधूक असताना तितकेच परिश्रम करणे फार थोड्यांना जमते. शिवाय, त्यांच्यापुढचे खरे काम सामने जिंकण्याचे नव्हतेच. त्या शहरात फुटबॉल पुन्हा खेळला जावा, हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी दहापैकी दहा वेळा पार पाडले.

लेंगेल यांनी चार हंगाम हा संघ सांभाळला. त्या चार वर्षांत ९ विजय आणि ३३ पराभव त्यांच्या नावावर जमा झाले. केवळ आकडे पाहणारा त्यांना अपयशी प्रशिक्षक म्हणेल. ते गेल्यानंतरही मार्शलचे दिवस लवकर पालटले नाहीत. हरण्यापेक्षा अधिक सामने जिंकलेला हंगाम पाहण्यासाठी शहराला १९८४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. पण त्यानंतर १९९२ आणि १९९६ या वर्षी मार्शलने आपल्या श्रेणीतील राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९९६ च्या हंगामात तर तो संघ एकही सामना हरला नाही. या विजयी संघांतील मुले १९७१ मध्ये एक तर जन्मली नव्हती किंवा नुकती जन्मली होती. ज्यांनी पाया घातला, त्यांना कळस चढविण्याचे भाग्य लाभले नाही. पायाचे दगड जमिनीखाली असतात. ते कोणास दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असे मात्र नव्हे.

मार्शल विद्यापीठाच्या आवारात एक कारंजे आहे. अपघातात गेलेल्यांच्या स्मरणार्थ शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी ते घडविले आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये त्याचे अर्पण झाले. दरवर्षी १४ नोव्हेंबरला लोक त्याच्याभोवती जमतात. गेलेल्यांची नावे उच्चारली जातात आणि मग कारंज्याचे पाणी बंद केले जाते. सारा हिवाळा ते तसेच निःशब्द उभे असते. वसंत ऋतू आला, की पाणी पुन्हा उसळू लागते.

शब्दार्थ

आबालवृद्ध – लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्व जण
अनुमती – परवानगी
संभ्रम – गोंधळ, काय करावे हे न कळण्याची स्थिती
कोठार – धान्य किंवा मौल्यवान वस्तू साठविण्याची जागा
फडशा पाडणे – पुरता नाश करणे, पूर्ण पराभव करणे
कळस चढविणे – कार्य पूर्णत्वास नेणे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) फुटबॉल बंद करावा असे विद्यापीठात काहींना का वाटले?
(आ) लेंगेल यांनी ‘वीअर’ पद्धत का निवडली?
(इ) बाउडन यांचे कोणते कृत्य लेखकाला उदारपणाचे वाटते?

२. ‘ते त्यांनी दहापैकी दहा वेळा पार पाडले.’ संघाने तर दोनच सामने जिंकले होते. मग लेखकाने असे का म्हटले असावे?

३. ‘पायाचे दगड’ म्हणता येतील अशी माणसे तुमच्या गावात किंवा शाळेत कोण आहेत? त्यांच्यापैकी एकाविषयी दहा ओळी लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : ध्यास लागणे, आग्रह धरणे, पाय न निघणे, धुळीस मिळविणे.