फटफटीचा कार्बोरेटर : आधी आकडा वाचा

खेड्यापाड्यांत जुनी बुलेट आजही दिसते. कोणी तिच्यावर दुधाच्या किटल्या नेतो, कोणी बाजारात भाजी नेतो. गाडी जुनी असली, तरी घर तिच्यावर चालते.

अशी गाडी एके दिवशी रुसते. किक मारून मारून पाय दुखतो. चालू झाली तरी चौकात बंद पडते. खालून पेट्रोल गळते. मिस्त्री म्हणतो, "कार्बोरेटर गेला. दुसरा टाका."

दुसरा, पण कोणता? तेच आज आपण शिकू.

कार्बोरेटर काय करतो?

पेट्रोल नुसते जळत नाही. त्याला हवा लागते. वजनाने एक भाग पेट्रोल, तर हवा सुमारे १५ भाग. हे मिश्रण कार्बोरेटर तयार करतो.

नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याला ओढ येते. कार्बोरेटरचा गळाही असाच अरुंद असतो. तिथे हवा वेगाने धावते. तिचा दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल वर ओढले जाते. ते बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून येते. त्याला जेट म्हणतात. गळ्यात एक सुई वर-खाली होते. ती पेट्रोलचे माप राखते.

म्हणजे गळा, जेट आणि सुई ही तिन्ही इंजिनाच्या मापाची हवीत. जोडा पायाच्या मापाचा घ्यावा, तसेच हे आहे.

आधी साफ करा

घाईने नवा घेऊ नका. पुष्कळदा जेटमध्ये कचराच अडकलेला असतो. जेट धुऊन हवेने फुंका. तार घालू नका. तारेने भोक मोठे होते. मग माप बिघडते.

पण आतली स्लाइड झिजून खुळखुळ वाजत असेल, किंवा अंगाला तडा गेला असेल, तर मात्र बदलावाच लागतो.

काम करताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवा. जवळ विडी किंवा चूल नको.

अंगावरचा आकडा वाचा

मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. तिथल्या पूर्वीच्या बुलेटला अमल पद्धतीचा कार्बोरेटर असे. पुढे जपानच्या मिकुनी पद्धतीचा 'मिककार्ब' आला. साडेतीनशेच्या बुलेटला व्हीएम २४ बसे, पाचशेच्या बुलेटला व्हीएम २८.

हा २४ म्हणजे गळ्याचे माप, २४ मिलिमीटर. हा आकडा कार्बोरेटरच्या अंगावर उठवलेला असतो. फडक्याने मळ पुसा, म्हणजे दिसेल. इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. अक्षरे दिसतात तशी वहीत उतरून घ्या.

आता दुकानात जाऊ.

"शेठ, बुलेटचा कार्बोरेटर द्या."

"कोणती? साडेतीनशे की पाचशे?"

"साडेतीनशे."

"मग हा अठ्ठावीसचा घ्या. मोठा आहे. गाडी नुसती पळेल!"

"नको शेठ. माझ्या जुन्यावर चोवीस लिहिलंय. मला चोवीसचाच द्या."

गिऱ्हाईक फसले नाही, कारण त्याने आकडा वाचला होता. गळा उगाच मोठा केला, तर हळू चालताना हवेची ओढ कमी पडते. गाडी ओझे घेऊन चढावर धापा टाकते.

चार गोष्टी जुळवा

जुना कार्बोरेटर पिशवीत घालून बरोबर न्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

१. गळ्याचे माप. आकडा पुसला असेल, तर लेथवाल्याकडून मोजून घ्या.

२. इंजिनाला बसवायची दोन भोके. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सारखे हवे.

३. हवेच्या फिल्टरकडचे तोंड आणि केबल अडकवायची जागा.

४. आतले जेट आणि सुई. बाहेरून सारखा दिसला तरी आतून तो दुसऱ्या गाडीचा असू शकतो. जुन्या येझदी आणि राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांचे जेट आणि सुई बुलेटला चालतील असे समजू नका. जेटवरचा आकडा मोठा, तर पेट्रोल जास्त.

बसवल्यावर

पॅकिंग नवे घाला. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. जोर लावून आवळले, तर कान वाकतो आणि फटीतून हवा शिरते.

गाडी चालू करण्याआधी मूठ फिरवून सोडा. आतली स्लाइड आपोआप टक्‌कन खाली आली पाहिजे. हँडल दोन्हीकडे वळवून पुन्हा पाहा. स्लाइड अडकत असेल, तर गाडी मुळीच चालू करू नका. ती आवरणार नाही, अन् जिवावर बेतेल.

मग गाडी थोडी फिरवून आणा. निवल्यावर प्लग काढा. शितावरून भाताची परीक्षा, तशी प्लगवरून कार्बोरेटरची. काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त. पांढरा फटक असेल, तर पेट्रोल कमी. इंजिन तापेल, पिस्टन जाम होईल. विटकरी रंग असेल, तर काम फत्ते.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत पेट्रोल फवारणारी यंत्रणा असते, कार्बोरेटर नसतो. म्हणून जुन्या गाडीचा मूळ कार्बोरेटर भंगारात देऊ नका. त्याचे जेट आणि सुई उपयोगी पडतात. आणि त्याच्यावरचा आकडा वहीत जपून ठेवा.

प्रश्न

१. व्हीएम २४ मधील २४ म्हणजे काय?

२. जेटमध्ये तार का घालू नये?

३. प्लग पांढरा दिसला तर काय समजावे?

करून पाहा

आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीच्या कार्बोरेटरवरचा आकडा शोधा. वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.