तीन रुळांचं इंजिन दोन रुळांवर

प्रश्न : मामांनी जर्मनीहून मार्कलिनचं एचओ इंजिन आणलं. माझे रूळ साधे, दोन पट्ट्यांचे, १२ व्होल्ट डीसीवर चालणारे. इंजिन ठेवलं की ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो. काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी मामांना विचारा, इंजिन जुनं आणि पेटीसकट आहे का? तसं असेल तर हात लावू नका, संग्राहक त्याचे चांगले पैसे देतात.

दोन्हींचा गेज १६.५ मिमीच, म्हणून इंजिन रुळावर बसतं. फरक विजेचा. मार्कलिनमध्ये दोन्ही रूळ एकाच टोकाला जोडलेले असतात, दुसरं टोक मधल्या खिळ्यांवरून पोटाखालच्या पट्टीला मिळतं. त्यामुळे चाकांना इन्सुलेशन लागत नाही. मल्टिमीटरची टोकं एकाच आसाच्या दोन चाकांना लावा. बीप वाजला की शॉर्ट तिथंच.

म्हणजे इन्सुलेशन असलेली चाकं बसवायची, पट्टी काढायची आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवरून वीज मोटरपर्यंत न्यायची. जुन्या मोटरमध्ये चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं असतं. अशी मोटर डीसीवर फिरते, पण रुळांची धन-ऋण टोकं उलटी केली तरी दिशा बदलत नाही! त्या जागी कायमचं चुंबक बसवावं लागतं. नव्या इंजिनात डीकोडर असतो. तो डीसीवर चालतो का, हे माहितीपत्रकात पाहा.

माझं मत विचाराल तर चाकं मिळत नसतील तर खटाटोप नको. मार्कलिनच्या रुळांचं एक वर्तुळ आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर घ्या. तुमचं डीसी इंजिन मात्र त्यावर चुकूनही ठेवू नका.